पाण्याचं म्हणशील तर

रविवारी सकाळी नऊला, डिचोलीच्या बसस्टँडामागे
घाडींच्या हॉटेलात पंख्याखालचं टेबल आमचं.
मिरचीची भजी, पातळ भाजी, पोदेराचे गरम पाव,
आणि मधोमध, बशीत वाढल्यासारखा,
‘अकरा प्रकाशवर्षं’चा काल रात्रीचा भाग.

सगुण मोरजकर चहात बोट बुडवून
टेबलावर टाकी काढतो.
‘दुसऱ्या पर्वात यानावर पाणी चाळीस दिवसांचं. बरोबर?
आज सहा वर्षं झाली
आणि ती बाई अजून टोमॅटोच्या रोपाला पाणी घालते!’
सगुण खाणीवर टिपर चालवायचा.
खाण बंद पडली, टिपरच्या जागी टँकर आला.
एका घराला किती लिटर लागतं
हे त्याला कुणी शिकवायला नको.

‘गाळून पुन्हा वापरत असतील,’ मी म्हणतो.
‘मग गाळणी दाखवा. एक पाईप दाखवा.
एक गळका नळ तरी!’

शेवंती टीचरना पाण्याचं काही नाही.
त्यांचा राग वाक्यांवर.
‘आई गेल्याचा निरोप येतो आणि कप्तान काय म्हणतो?
आज अंतराळालाही अश्रू आवरेनात.
असं कोण बोलतं?
आमचे पपा गेले तेव्हा भाऊ मला म्हणाला,
गॅस बंद केलास?’
भजी थंड होते. कुणी उचलत नाही.

मग ब्राझ, घड्याळं दुरुस्त करणारा,
जो महिन्यातून एकदाच बोलतो:
‘आवाज पोचायला अकरा वर्षं.
हा इथून हॅलो म्हणतो, ती तिथून लगेच हॅलो.
मधली अकरा वर्षं कुणी खाल्ली?
बायको थांबलेली दाखवा.
भाग एकविसावा, बायको थांबते.
भाग बाविसावा, बायको थांबते.’
‘कोण बघणार असलं?’
‘मी बघेन.’

मी लेखकांची बाजू घेतो.
त्यांनाही हप्ते असतील, सोमवारी शूटिंग असेल,
मूल तापाने फणफणलं असेल.
हुमणात गूळ घातल्यासारखे
सगळे माझ्याकडे बघतात.

टीचरांच्या वहीत तीनशे बारा खड्डे आहेत,
आम्ही खड्डेच म्हणतो त्यांना.
सगुणला शब्द पटत नाही.
खड्डा भरतो, तो म्हणतो,
आमच्या खाणीत जाऊन बघ,
आता लोक गळ टाकून बसतात.

वहीतला पहिला खड्डा लाव्हिनोच्या अक्षरात:
‘१. टॉर्चचे सेल कुठून आणतात?’
हे टेबल त्यानेच धरलेलं.
दुसरं पर्व संपलं तेव्हा स्विंडनला गेला,
दोन वर्षांसाठी.

साखरेच्या बरणीला टेकवून फोन उभा करतो.
तिथे पहाटेचे साडेचार,
रात्रपाळीचं चमकतं जाकीट अजून अंगावर,
मागे कुणाचं तरी दुसऱ्याचं कपाट.
सगुण पुन्हा टाकी काढतो, चाळीस दिवस, सहा वर्षं,
लाव्हिनो हसतो, बाकीचे हसतात,
आणि घाडी, ज्याने एकही भाग पाहिलेला नाही,
रिकामे कप उचलता उचलता वाकून विचारतो,
‘कधी येतोस मरे तू?’

चित्र थिजतं.
तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला,
कपाळावर चौकोन चौकोन.
पंखा फिरतो.
साखळीची बस हॉर्न देते, निघत नाही.

‘पाण्याचं म्हणशील तर,’ आवाज आधी येतो, ओठ मागाहून,
‘यानाच्या बाहेरून बर्फ धरत असणार, सगुण.
तोच खरवडून आत घेत असतील.’

सहा वर्षांत सगुणने कुणाचंच काही मानलेलं नाही.
टेबलावरची टाकी तो तळव्याने पुसतो.
‘हां,’ म्हणतो, ‘बर्फ. असू शकतं.’
टीचर बॉलपेनचं टोपण दातात धरून बसतात,
वही उघडीच.

साडेचार सेकंद,
ब्राझ मला नंतर म्हणाला,
गल्ल्यापाशी सुटे मोजताना.